नागपुरात बसाले बरी जागा सांगा न, भाऊ!

डिसेंबर लागला की माझा फोन दोन कारणांनी वाजतो. एक, अधिवेशनाचा पास मिळेल का. दुसरं, "भाऊ, नागपुरात बसाले बरी जागा सांगा न." विचारणारे कोण? मोर्चात आलेला विनाअनुदानित शाळेचा मास्तर, मंत्र्याच्या सहीसाठी रवीभवनाबाहेर तीन दिवस उभा असलेला सरपंच, आणि आमच्यासारखे तालुक्याचे वार्ताहर. दिवसभर निवेदनं, घोषणा, पोलिसांचे बॅरिकेड, विधानभवनाच्या गेटवरचं ताटकळणं. संध्याकाळी माणसाला चार मित्रांसोबत दीड तास बोलायला जागा हवी असते. एकेकाला फोनवर सांगून थकलो, म्हणून इथंच लिहितो. ज्यांना हा विषयच नको त्यांनी पुढं सरकावं, राग नाही.

आधी आपला शब्दच बघा. आपण कधी "पिलो होतो" म्हणत नाही, "बसलो होतो" म्हणतो. "काल बसलो होतो जरा." शब्दानंच पडदा ओढून घेतलाय. आणि राज्याच्या उपराजधानीतले बहुतेक बार याच शब्दासारखे बांधलेले आहेत.

दारातच जाड, मळका पडदा. आत गेल्यावर डोळ्यांना दिसायला दोन मिनिटं लागतात. लाल किंवा निळा बल्ब, समोरच्या प्लेटमध्ये शेंगदाणे आहेत की आणखी काही हे हातानं चाचपून ठरवायचं. दरपत्रक मागितलं तर वेटर तोंडी सांगतो, आणि बिलावर आकडा वेगळाच. संडासाचं तर बोलूच नका. एका कोपऱ्यात प्लायवूडचं पार्टिशन घालून वर "फॅमिली रूम" लिहिलेलं, आणि तिथं गेल्या कित्येक वर्षांत कुणाची फॅमिली बसल्याचं मी तरी पाहिलेलं नाही. मुंबईहून आलेली एक पत्रकार मैत्रीण मागं एका अधिवेशनात आमच्यासोबत आली. दारातून आत डोकावली आणि म्हणाली, "मी हॉटेलवर जाऊन चहाच पिते." तिला बिअरची अडचण नव्हती. आत बसलेल्या चाळीस डोळ्यांची होती.

हा झाला पहिला प्रकार. दुसरा प्रकार धरमपेठ, रामदासपेठेकडचा. तिथं उजेड बरा, काच बरी, खुर्ची बरी. पण आवाज एवढा की "काय म्हणतो?" हे एकच वाक्य दोन तास बोलायचं. दारावरचा बाउन्सर विचारतो, "कपल आहे का?" आम्ही चौघं, खांद्यावर झोळी, चपलांना टेकडी रोडची धूळ. आम्ही कसले कपल! दोन बिअरच्या बिलात आमच्याकडं घरच्या चौघांचा आठवड्याचा किराणा येतो. हे मी कंजूषपणानं नाही लिहीत, हिशेबानं लिहितोय.

आणि तिसरा प्रकार सगळ्यांना माहीत आहे: सावजीच्या जेवणासोबत टेबलाखाली. रस्सा एक नंबर, पण बाटली खाली पायाशी आणि नजर दाराकडं. परवाना नसताना पिऊ देणाऱ्याची भीती वेगळी आणि पिणाऱ्याची वेगळी. (सावजीवर कधीतरी स्वतंत्र लिहीन. त्या तर्रीला दारूच्या सोबतीची गरजच नाही, असं माझं ठाम मत आहे.)

आता कुणी म्हणेल, ही तक्रार बारमालकांकडं करा, सरकारला मधे काहून ओढता? ओढतो, कारण हा अंधार कायद्यानं लावलेला आहे.

आपल्याकडं आजही 1949 चा दारूबंदी कायदा चालतो. नाव पुढं मुंबईचं महाराष्ट्र झालं, गाभा तोच. या कायद्याच्या नजरेत पिणं हा मुळात गुन्हा, आणि परवाना घेतलात तर तेवढी सूट. बारच्या पाटीवर "परमिट रूम" लिहितात ते त्यामुळंच. बिअरला वय 21, कडक दारूला 25, आणि खिशात परमिट. एका दिवसाचं, वर्षाचं किंवा आजन्म. मंडळी, हात वर करा, तुमच्यापैकी कितीजणांना वेटरनं आजवर परमिट मागितलंय? एकदा मी मुद्दाम म्हटलं, "मला एक दिवसाचं परमिट द्या." वेटर मॅनेजरकडं गेला, मॅनेजर माझ्याकडं आला आणि दबक्या आवाजात विचारलं, "साहेब, एक्साइजमधून आले का?" त्यानंतर आमच्या टेबलावर चकली आणि काकडी फुकट आली. परमिट काही आलं नाही.

म्हणजे बसलेला प्रत्येक माणूस कागदावर गुन्हेगार, आणि हे बार चालवणाऱ्याला, पोलिसाला, उत्पादन शुल्कवाल्याला, सगळ्यांना माहीत. गुन्हेगार म्हणून बसलेला माणूस तक्रार कुठं करणार? बिल जास्त लावलं, तक्रार नाही. बाटलीत काय ओतलं, तक्रार नाही. संडास तुंबला, तक्रार नाही. परवाना देताना शाळा आणि देऊळ किती मीटरवर आहे ते मोजतात. आत दिवा आहे का, बाईला जाता येईल असं स्वच्छतागृह आहे का, हे कुणी मोजताना मी पाहिलं नाही.

आणि महसूल? तो मात्र मोजून घेतात. 2023 मध्ये परमिट रूमवरचा व्हॅट 5 टक्क्यांचा 10 टक्के झाला. 2025 च्या जूनमध्ये विदेशी मद्यावरचं उत्पादन शुल्क निर्मितीखर्चाच्या तिप्पट होतं ते साडेचारपट केलं. तिजोरीत 14 हजार कोटींची भर पडेल हा सरकारचाच अंदाज. बारमालकांनी 14 जुलैला राज्यभर बार बंद ठेवले, दुसऱ्या दिवशी उघडले. वाढलेला पैसा शेवटी कुणाकडून वसूल होतो हे तुम्ही बिलावर बघताच आहात. पण एवढ्या पैशातला एक रुपयासुद्धा, प्यायलेला माणूस घरी नीट पोचावा यासाठी खर्च होतो का? नागपुरात मेट्रो आहे. वर्धा रोडवरून खापरीपर्यंत छान जाते. फक्त बार बंद व्हायच्या कितीतरी आधी ती झोपते.

आता माझ्या घरचं सांगतो. मी वर्धा जिल्ह्यातला. आमच्याकडं गांधीजींच्या नावानं पन्नास वर्षांपासून दारूबंदी आहे. गडचिरोलीत 1993 पासून आहे. चंद्रपुरात 1 एप्रिल 2015 ला आली आणि 2021 मध्ये गेली. आमच्या जिल्ह्यात दारू मिळत नाही असं म्हणणारा माणूस एकतर विधानसभेत उत्तर देत असतो किंवा शाळेत निबंध लिहीत असतो. मिळते, फोनवर मिळते, घरपोच मिळते, दुपटीनं मिळते. ज्यांना बसून प्यायची ते हद्द ओलांडतात. पुलगावहून वर्धा नदीचा पूल ओलांडला की अमरावती जिल्हा. इकडं बुटीबोरीकडं गेलं की नागपूर जिल्हा. हद्द संपली की पाट्या सुरू होतात.

माझा एक मित्र होता. दुसऱ्या पेपरला स्ट्रिंगर, महिन्याला किती मिळायचं ते लिहायलाही लाज वाटते. बातमीत माझ्या नेहमी पुढं. अधिवेशनाच्या एका रात्री आम्ही हद्दीजवळच्या एका ठिकाणी बसलो. मी थांबतो म्हणालो, तो निघाला. सकाळी बायकोला घेऊन दवाखान्यात जायचं होतं त्याला. कुणी त्याला अडवलं नाही. वेटरनं शेवटचा पेग भरला, बिल घेतलं, गेटवरच्या पोऱ्यानं गाडी काढून दिली आणि सलाम ठोकला. मीही अडवलं नाही. उभ्या ट्रकला टेललाइट नव्हता. दुसऱ्या दिवशी त्याच्याच पेपरात चार ओळी आल्या, "दुचाकीस्वार ठार". नाव चुकलं होतं.

म्हणून मला कुणी "बसाले जागा सांगा" म्हटलं की मी आधी विचारतो, परत कसा जाणार?

हायवेवरच्या दारूचा विषय सुप्रीम कोर्टानं 2016 च्या डिसेंबरात घेतला होता. महामार्गापासून 500 मीटरच्या आत दुकान नको, 1 एप्रिल 2017 पासून. मग काय झालं? अनेक राज्यांनी रस्त्यांचाच दर्जा बदलला. काल राज्य महामार्ग होता तो आज शहराचा रस्ता झाला. पुढं कोर्टानंच नगरपालिका हद्दीतल्या दुकानांना मोकळीक दिली. रस्ता तोच, ट्रक तेच, टेललाइट नाहीतच.

हे वाचून काही ताई चिडतील. चिडायचा त्यांना हक्क आहे. 2010 च्या डिसेंबरात चिमूरहून बायका पायी चालत याच नागपूरला अधिवेशनावर आल्या होत्या, दारूबंदी मागायला. पायाला फोड आलेल्या. नवऱ्याची मजुरी, पोराची फी, अंगावरचे वळ, सगळं घेऊन त्या आल्या होत्या. त्यांची टिंगल करणाऱ्याला माझ्या भिंतीवर जागा नाही. "उभी बाटली, आडवी बाटली" मतदानात आडव्या बाटलीवर शिक्का मारायला बायका रांगा लावतात, ते पुस्तक वाचून नाही लावत. पण त्यांना सरकारनं काय दिलं बघा. आधी बंदी दिली, ती राबवायला माणसं दिली नाहीत. मग सहा वर्षांनी बंदी उठवली, तेव्हा त्या बायकांच्या हातात काय ठेवलं? बारच्या जुन्या पाट्या पुन्हा रंगवून लागल्या, एवढंच. "बंद" आणि "चालू" या दोन बटणांपलीकडं आपल्या राज्यकर्त्यांना काही सुचत नाही. प्यायलेल्या माणसाला आणखी भरणारा बारवाला जबाबदार का नाही? मजुरीच्या दिवशी उधारीवर देशी देणाऱ्याचा परवाना का जात नाही? हे प्रश्न त्या बायकांचेही आहेत आणि माझेही.

मोहाचंही असंच. गडचिरोलीत, भंडाऱ्यात मोहफुलाचा घमघमाट अंगणात असतो. मध्य प्रदेशानं मोहाच्या दारूला वारसा म्हणून मान्यता दिली. आपल्याकडं आदिवासी बाईनं मडक्यात गाळली की हातभट्टी, गुन्हा, फोटो, बातमी. मीही अशा बातम्या लिहिल्यात, पोलिसांच्या प्रेसनोटवरून, जशाच्या तशा. आणि संत्र्याच्या या राजधानीत संत्रा सर्वांत जास्त कुठं दिसतो? देशीच्या लेबलवर! शेतकरी रस्त्यावर फेकतो तो संत्रा वेगळा.

आता तुम्ही म्हणाल, सभागृहात हा विषय कधी निघतो? निघतो. अमुक ठिकाणी अवैध दारू, तमुक ठिकाणी धाड, लक्षवेधी, उत्तर, बसा खाली. संध्याकाळी आमदार निवासाच्या आजूबाजूला जा. कुठल्या गाडीतून कुठला खोका उतरतो ते आम्ही पत्रकार बघतो आणि छापत नाही, कारण कधीकधी आम्हीही त्याच खोलीत असतो. हे कबूल केल्याशिवाय ही पोस्ट लिहिण्यात अर्थ नाही. आमदारांना बार शोधावा लागत नाही. त्यांची जागा बरी असते, उजेड असतो, परत न्यायला ड्रायव्हर असतो. म्हणून उरलेल्यांची जागा कशी आहे हे त्यांना कधी कळत नाही.

1953 च्या नागपूर करारात वर्षातून एक अधिवेशन इथं घ्यायचं ठरलं. दोन आठवडे टिकलं तरी पुष्कळ. त्या दिवसांत लाखो लोक या शहरात येऊन जातात. एवढ्या दिवसांपुरती तरी मेट्रो आणि गणेशपेठेतून वर्ध्याकडं, भंडाऱ्याकडं जाणारी एसटी उशिरापर्यंत चालवा. परमिट खरंच हवं असेल तर मागा, नको असेल तर कायद्यातून काढून टाका, मधलं नाटक बंद करा. दरपत्रक दाराबाहेर लावा. पडदा काढा. बाहेरून आत दिसलं की आतले अर्धे प्रकार आपोआप थांबतात, हे मला एका निवृत्त उत्पादन शुल्क अधिकाऱ्यानंच सांगितलं. नोकरीत असताना का नाही सांगितलं, असं मी विचारलं. हसला आणि पाणी प्यायला.

आता तुमचा मूळ प्रश्न. आहेत नागपुरात दोन-तीन बऱ्या जागा. सदरकडच्या एका जुन्या ठिकाणी मी स्वतः जातो. ट्यूबलाइट आहे, पंखा आहे, मेन्यूवर दर छापलेत, न मागता पाणी येतं, आणि गल्ल्यावरचे काका तिसऱ्यानंतर "आता जेवा" म्हणून ताट पाठवतात. एका टेबलावर बँकेतल्या दोन बाया सूप आणि बिअर घेऊन निवांत गप्पा मारत बसलेल्या मी तिथंच पाहिल्या, आणि त्यांच्याकडं कुणी बघत नव्हतं. नाव इथं लिहीत नाही. लिहिलं तर उद्या तिथं खोके उतरतील आणि परवा पडदा लागेल.

फोन करा, सांगतो. पण गाडी घरी ठेवून या. रात्री नागपुरात झोपायची सोय आधी सांगा, मग पत्ता देतो. नसेल सोय तर माझ्या खोलीवर आणखी दोन गाद्या मावतात. सकाळी तर्रीपोहे मी चारतो, आणि अकराला मोर्चावर सोबत जाऊ.