संगणक परिषदा हव्यातच; पण कशासाठी?

ग्वाल्हेरमध्ये दर डिसेंबरात तानसेन समारोह भरतो. २०२४ साली त्याचे शंभरावे पर्व झाले. तेथे गाणाऱ्या बहुतेक कलावंतांचे गायन आज मोबाईलवर केव्हाही ऐकता येते. तरीही हजिऱ्याच्या परिसरात श्रोते कडाक्याच्या थंडीत बसतात आणि हा समारोह कशाला भरवायचा, असे कोणी विचारत नाही. त्याच शहरात १९५७ सालचे माधव तंत्रविज्ञान महाविद्यालय आहे, तसेच केंद्र सरकारची १९९७ साली स्थापन झालेली माहिती तंत्रज्ञान व व्यवस्थापन संस्थाही आहे. तेथून बाहेर पडणाऱ्या तरुणांच्या व्यवसायात मात्र हा प्रश्न उघडपणे विचारला जात आहे. प्रोग्रामिंगच्या प्रत्यक्ष परिषदांची आता गरज उरली आहे काय?

प्रश्नाला आधार आहे. मार्च २०२० मध्ये ओरायली या प्रसिद्ध प्रकाशनसंस्थेने आपल्या प्रत्यक्ष परिषदा कायमच्या बंद केल्या. २००९ साली बेंगळुरूत सुरू झालेली ‘पायकॉन इंडिया’ २०२० आणि २०२१ मध्ये पडद्यावरच पार पडली. व्याख्यानांचे चित्रीकरण काही आठवड्यांत फुकट उपलब्ध होते आणि अडलेल्या ओळीचे उत्तर आता कृत्रिम बुद्धिमत्ता क्षणात देते. ग्वाल्हेरच्या विद्यार्थ्याने बेंगळुरू गाठायचे तर दीड दिवसाचा रेल्वेप्रवास, निवास आणि प्रवेशशुल्क एवढा भार पडतो. केवळ व्याख्याने ऐकण्यासाठी हा खर्च करणे व्यर्थ आहे, हा आक्षेप मान्यच करावा लागेल.

परंतु परिषदेचे मोल व्याख्यानांत नसते. मार्च २०२४ मध्ये उघडकीस आलेले ‘एक्सझेड’ प्रकरण या संदर्भात आठवावे. लिनक्स प्रणालींत सर्रास वापरले जाणारे हे लहानसे साधन एक थकलेला स्वयंसेवक जवळजवळ एकट्याने सांभाळत होता. ‘जिया टॅन’ या नावाने कोणीतरी दोन वर्षांहून अधिक काळ मदत करून त्याचा विश्वास संपादन केला, अधिकार मिळवले आणि शेवटी त्या साधनात चोरवाट पेरली. लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतो, याचा शोध घेणाऱ्या आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्यामुळे ती सापडली. ‘जिया टॅन’ कोण, हे आजही जगाला ठाऊक नाही.

प्रत्यक्ष भेटीने प्रत्येक कपट टळते, असे नव्हे. तथापि, एकमेकांचा चेहरा न पाहता उभारलेल्या विश्वासाला मर्यादा असतात, एवढे यातून निश्चित दिसते. डेबियन या मुक्त प्रणालीचे विकसक परंपरेने प्रत्यक्ष भेटून, ओळखपत्र तपासून एकमेकांच्या डिजिटल चाव्यांना दुजोरा देत आले आहेत. त्यांची जागतिक परिषद सप्टेंबर २०२३ मध्ये कोचीत झाली. परिषदेआधीचे काही दिवस तेथे एकत्र बसून काम करण्यासाठी राखलेले असतात आणि गरजूंना प्रवासखर्चही दिला जातो.

दुसरा मुद्दा प्रवेशाचा आहे. महानगरातील अभियंत्याला ओळखीपाळखी कार्यालयातच मिळतात. लहान शहरातील विद्यार्थ्याला त्या कोठून मिळणार? चित्रफीत त्याला शिकवते, पण ‘तू काय करतोस?’ असे विचारत नाही. बाळकृष्णबुवा इचलकरंजीकर ग्वाल्हेरला जाऊन गायकी शिकले, म्हणून ती महाराष्ट्रात रुजली. विद्या माणसामागून प्रवास करते, हा या शहराचाच अनुभव आहे.

मग परिषदा महानगरांतच का? ‘पायकॉन इंडिया’ बेंगळुरूबाहेर पडली ती दिल्ली, हैदराबाद, चेन्नई यांसारख्या मोठ्या शहरांत. ग्वाल्हेर तर दिल्ली-भोपाळ लोहमार्गावर आहे आणि तेथे शिक्षणसंस्थांची सभागृहे आहेत. आपल्या गोव्यातही रुबी या संगणकभाषेची राष्ट्रीय परिषद भरलेली आहे. बाहेरून पाहुणे आले आणि हॉटेले भरली, एवढ्यावर अशा आयोजनाचे यश मोजणे पुरेसे नाही. स्थानिक महाविद्यालयांतील किती मुले आत बसली आणि त्यांपैकी किती जण पुढे एखाद्या प्रकल्पात सहभागी झाले, हे विचारले पाहिजे.

म्हणून परिषदा बंद करू नयेत, त्यांचे स्वरूप बदलावे. व्याख्याने आधीच चित्रित करून सर्वांना मोफत द्यावीत आणि भेटीचे दोन दिवस एकत्र काम करण्यास, चुका दाखवण्यास व नवख्यांना हाताशी धरण्यास द्यावेत. सरकारी वा कंपन्यांचा पैसा सजावटीऐवजी प्रवासभत्त्यावर खर्च व्हावा. एवढे करण्याची ज्या आयोजकांची तयारी नसेल, त्यांनी मात्र चित्रफितींवरच समाधान मानावे; विद्यार्थ्यांचा प्रवासखर्च तरी वाचेल.