देवनागरीलाही समरुंद टंक हवा

ऐरोलीपासून महाप्यापर्यंतच्या कचेऱ्यांत आज्ञावली लिहिणारी तरुण मंडळी दिवसभर ज्या अक्षरांकडे पाहतात, ती वर्तमानपत्राच्या अक्षरांहून निराळ्या प्रकृतीची असतात. रोमन आयला जेवढी जागा तेवढीच एमला, शून्याच्या पोटात रेघ किंवा ठिपका, टोकांना कसलाही फुलोरा नाही. अशा मोनोस्पेस, म्हणजे समरुंद, अक्षरांमुळे स्तंभाखाली स्तंभ काटेकोर बसतो आणि एखादे चिन्ह गळाले तर ते तत्क्षणी नजरेस येते. परंतु कन्सोलस घ्या वा जेटब्रेन्स मोनो, या प्रचलित टंकांत देवनागरी नाहीच. त्यामुळे एखाद्या दाखल्याचा वा कराच्या देयकाचा मराठी मजकूर आज्ञावलीत आला, की संगणक दुसऱ्याच टंकातून अक्षरे उसनी आणतो आणि सारी मांडणी विस्कटते.

ही तक्रार केवळ सौंदर्याची असती, तर तिच्यासाठी वर्तमानपत्राची जागा अडवण्याचे प्रयोजन नव्हते. 'नाव' या शब्दापुढे विसर्ग पडला आहे की अपूर्णविराम, हे पुष्कळ टंकांत डोळ्यांना उमगत नाही; संगणकाच्या लेखी मात्र विसर्ग हा शब्दाचा अवयव आणि अपूर्णविराम हे स्वतंत्र चिन्ह, म्हणून एका दस्तऐवजातले 'नाव' दुसऱ्यातल्या 'नावः'शी जुळत नाही. विसर्गाची वर्तुळे पोकळ आणि अपूर्णविरामाची टिंबे भरीव, एवढा विवेक आरेखकाने केला तरी हा घोळ मिटेल.

जोडाक्षरांची आणि मात्रांची ही लिपी समान घरांत मावणारच नाही, हा आक्षेप मला मान्य नाही. देवनागरी टंकलेखनयंत्रावर अर्धा भ आणि मग काना असे दोन ठोके मारून 'भ' उमटे, म्हणजे त्याला दोन घरे मिळत. उकार-मात्रांच्या कळा गाडा पुढे सरकवीतच नसत. त्या यंत्रांवर मामलेदार कचेऱ्यांतले हुकूम आणि जाहीरनामे वर्षानुवर्षे बिनतक्रार निघाले. चिनी-जपानी अक्षरेही संगणकाच्या पडद्यावर प्रत्येकी दोन घरे घेतात, आणि त्यात कोणाला काही वावगे वाटत नाही.

आपल्याकडे कसबाचीही वाण नाही. विंडोज २००० बरोबर घरोघर पोचलेला 'मंगल' टंक र. कृ. जोशी यांनी घडविला. 'मुक्ता' हा टंक मुंबईच्या एक टाइप या समूहाने मुक्त परवान्यावर सर्वांना दिला. सी-डॅक या सरकारी संगणक-संशोधन संस्थेचे केंद्र तर खारघरलाच आहे. राज्य शासनाने अशा जाणकारांकडे हे काम रीतसर सोपवावे, त्याची तरतूद अंदाजपत्रकात करावी, आणि करारात दोन अटी निःसंदिग्ध घालाव्यात: टंक मुक्त परवान्यावरच प्रसिद्ध व्हावा, आणि 'दुसर्‍या'तला अर्धा र व 'सूर्या'तला रफार हे लहानात लहान आकारातही वेगळे वाचता यावेत.