मोडलेल्या बेअरिंगची साक्ष

घरातली एखादी वस्तू मोडली की आपण ती आधी फेकून देतो आणि मग ती का मोडली ह्यावर वाद घालीत बसतो. मोटारगाडीच्या बाबतीत तर हा रिवाजच झाला आहे. चाकाचे बेअरिंग गेले? काढा, नवे घाला, जुने भंगारात टाका! एकदा असे केले तर बिघडत नाही. बेअरिंग कधीतरी झिजायचेच. पण तेच चाक वर्षात दुसऱ्यांदा, तिसऱ्यांदा बेअरिंग खाऊ लागले, तर मोडलेला तुकडा दागिन्यासारखा जपून ठेवावा. खरी हकीकत सांगणारा तोच एक साक्षीदार असतो.

शिरूरला माझे लेथचे लहानसे दुकान आहे. गेल्या वर्षी न्हावऱ्याकडचे एक ऊस बागाईतदार जरा तणतणतच माझ्याकडे आले. वडिलांच्या वेळची जुनी जीप त्यांनी जिवापाड सांभाळली आहे. बरीच वर्षे ती गोठ्याशेजारी झाकून ठेवलेली होती. मुलगी दौंडला शिक्षिका झाली आणि जीप पुन्हा रोजच्या रस्त्याला लागली. तेव्हापासून पुढच्या उजव्या चाकाचे आतले बेअरिंग तीनदा गेले. तिसऱ्या वेळी तर उसाच्या ट्रॉल्यांच्या मागून येताना चाकातून धूर निघाला. पोर शहाणी, तिने गाडी तिथेच थांबवली. चाक निखळले असते तर काय झाले असते, हे सांगायला नको.

"मिस्त्री, दौंडच्या त्या गॅरेजातल्या पोराला नटच आवळता येत नाही बघा," ते म्हणाले. "मालकाला सांगून दोन बेअरिंगचे पैसे त्याच्या पगारातून कापायला लावले. आता त्याला कामावरूनच काढायला सांगणार आहे."

मी म्हटले, "आबा, काढायचे तर काढा. पण आधी ती मोडकी बेअरिंगे मला दाखवा."

ती आबांकडे नव्हती. त्या पोराकडे होती! एकोणीस वर्षांचा तो मुलगा तिन्ही बेअरिंगे बिस्किटांच्या डब्यात घालून घेऊन आला. "काका, माझे पैसे गेलेत ह्यात. फेकू कसे?" असे म्हणाला. त्याच्या ह्या काटकसरीनेच त्याला वाचवले.

पुढे जाण्यापूर्वी ही वस्तू काय असते ते थोडक्यात सांगतो. जीपच्या पुढच्या चाकाच्या हबमध्ये निमुळत्या रोलरची दोन बेअरिंगे असतात, एक आत, एक बाहेर. अमेरिकेतल्या सेंट लुईस शहरी घोडागाड्या बांधणाऱ्या हेन्री टिमकेन ह्यांनी १८९८ साली ह्या रचनेचे पेटंट घेतले. सरळ चालताना चाकावर गाडीचे वजन असते, पण वळणावर बाजूचाही रेटा येतो. निमुळता रोलर हे दोन्ही भार पेलतो. आतले कडे रोलरांसह दांड्यावर बसते, त्याला आमच्यात कोन म्हणतात. बाहेरचे कडे, म्हणजे कप, हबच्या भोकात घट्ट ठोकलेला असतो आणि हबबरोबर फिरतो. त्याने हबच्या आत स्वतंत्रपणे तसूभरही फिरता कामा नये.

आता साक्ष. पहिला संशय बनावट मालावर. बाजारात नामांकित कंपन्यांच्या नावाने खोटी बेअरिंगे विकली जातात, हे खरेच आहे. पण ही तिन्ही वेगवेगळ्या दुकानांतली, वेगवेगळ्या छापाची होती. दुसरा संशय पाण्यावर. चाक तापलेले असताना गाडी ओढ्यात घातली किंवा जोराच्या फवाऱ्याने धुतली, तर हबमधली गरम हवा आकसते आणि सीलमधून पाणी आत ओढले जाते. मग गंजाचे ठिपके पडतात, ग्रीस दुधाळ होते. इथे ते नव्हते. तिसरा संशय हातोडीवर. रोलरवर घाव घालून बेअरिंग बसवले, तर कड्यावर रोलरांच्या अंतराने खळगे उमटतात. तेही नव्हते. चौथा आबांचा आवडता, आवळलेला नट! अति आवळले की बेअरिंग तापून निळे पडते. तिसरे निळे होते, पण पहिली दोन नव्हती. मुलगा दरवेळी चुकत असता, तर तिन्हींवर तीच खूण दिसली असती.

मग मी तिन्ही कप उलटे करून त्यांच्या पाठी पाहिल्या. कपाची पाठ एकसारखी मंद दिसायला हवी. ह्या तिन्ही पाठी आरशासारख्या चमकत होत्या आणि भोवती बारीक रेघा होत्या. म्हणजे कप हबच्या भोकात फिरत होते. दोष बेअरिंगच्या घरातच होता.

जीप आणवली, हब उतरवून रॉकेलने धुतला. आत गोलाकार ठिपक्यांची रांगोळी दिसली. कोणे एके काळी भोक सैल झाले, तेव्हा कोणा कारागिराने पंच मारून धातूचे उंचवटे काढले होते. ही जुनी युक्ती फसवी आहे. नवा कप त्या टोकांवर घट्ट बसतो, बसवणाऱ्याला समाधान वाटते. पण काहीशे किलोमीटरांत टोके दबतात, कप सैल होऊन फिरतो, तिरका होतो, धातूचा कीस ग्रीसमध्ये मिसळतो आणि बेअरिंग जाते. भोक मोजले, तर ते कपापेक्षा एक दशांश मिलिमीटरने मोठे भरले. खरे म्हणजे ते किंचित लहानच हवे.

आबा बराच वेळ ठिपके पाहात राहिले. "हे अण्णांच्या वेळचं काम असणार. तेव्हा हे पोरगं जन्मलंही नसंल," ते हळूच म्हणाले. पुढच्या बाजारच्या दिवशी त्यांनी कापलेले पैसे मुलाला आपल्या हाताने दिले, असे तोच मला सांगून गेला.

हबमध्ये पातळ बुश बसवता आला असता, पण चाकाच्या बाबतीत मला ठिगळ नको होते. पुण्याहून दुसरा चांगला हब आणला. कप, कोन, सील सगळे नवे घातले. नट त्या मुलाकडूनच बसवून घेतला. चाक फिरवीत अडखळेपर्यंत आवळायचा, मग सुमारे एक षष्ठांश फेरा, म्हणजे षट्कोनी नटाची एक बाजू, सैल करायचा. वर लॉक वॉशर आणि दुसरा नट. हा हिशेब जीपचा. तुमच्या गाडीचा तिच्या पुस्तकात पाहावा. नव्या गाड्यांत बहुधा बंद बेअरिंग असते. तिथे हा खेळ करूच नये. त्यानंतर उसाचा एक हंगाम पार पडला, चाक गप्प आहे.

वाचकांपैकी ज्यांच्या दारी जुनी गाडी आहे, त्यांनी घरीच दोन परीक्षा कराव्यात. चाक जॅकवर उचलून, गाडी नीट टेकवून, वर-खाली धरून हलवावे. हलते? मग दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगावे. हलणे थांबले तर दोष बेअरिंगचा, न थांबले तर तो दुसरीकडे शोधावा. चालताना घूं घूं आवाज येत असेल आणि डावीकडे वळताना वाढत असेल, तर बहुधा उजवे चाक बोलते आहे; कारण वळणावर भार बाहेरच्या चाकावर जातो.

आपल्याकडे बैलगाडीच्या आसाला वंगण घालणारा शेतकरी चाक करकरले की आधी खाली वाकून पाहात असे. गाडीला इंजिन आले म्हणून वाकणे सोडू नये. तेच काम तिसऱ्यांदा बिघडले, तर काम करणाऱ्याला बोल लावण्यापूर्वी ते काम ज्या जागेवर बसवले, ती जागा एकदा पुसून पाहावी.