वकिलाच्या पाठीशी

आज ‘वकील’ म्हटले की काळा कोट आणि न्यायालयाची पायरी डोळ्यांसमोर येते. अठराव्या शतकातील मराठी माणसाला मात्र या शब्दाने निराळीच व्यक्ती आठवे : परक्या दरबारी आपल्या धन्याच्या वतीने बसणारा, बोलणारा आणि तेथील वर्तमान लिहून पाठविणारा मुत्सद्दी.

अशा माणसांचे महत्त्व आपल्या भोपाळच्याच इतिहासावरून ध्यानी येते. डिसेंबर १७३७ मध्ये बाजीरावाने निजामाला येथे कोंडले. जानेवारी १७३८ मध्ये जवळच्या दोराहा येथे तह झाला. माळव्याची सुभेदारी, नर्मदा व चंबळ यांमधील मुलखावरील सत्ता आणि खर्चापोटी ५० लाख रुपये बादशहाकडून मिळवून देण्याचे निजामाने कबूल केले. कबुली रणांगणावर मिळाली. सनदेची वाट मात्र दिल्ली दरबारातून जात होती. माळव्याचा कारभार रीतसर पेशव्यांच्या हाती येण्यास १७४१ उजाडले. तोवर बाजीराव हयात नव्हता.

अशा कामांसाठी दिल्लीस माणूस लागे. नाशिकचे महादेवभट हिंगणे बाळाजी विश्वनाथाच्या काळात तेथे राहिले, आणि पुढे त्यांच्या मुलांनीही तीच वकिली चालविली. परमुलखी पिढ्यान्‌पिढ्या राहणाऱ्यावर परके विश्वास ठेवीत नाहीत आणि घरचेही संशय घेतात, याचा अनुभव या घराण्यास आला. हिंगणे आणि अंताजी माणकेश्वर यांचे दिल्लीत पटेना, आणि एकमेकांविरुद्धच्या तक्रारी पुण्यास जाऊ लागल्या. खरे कोणाचे, हे दूर बसलेल्या पेशव्याने कसे ठरवावे?

निजामाच्या दरबारातील गोविंदराव काळे यांची कसोटी वेगळी होती. थकलेल्या चौथाईची मागणी त्यांनी केली, तेव्हा दिवाण मुशीर-उल्-मुल्काने भर दरबारात नाना फडणविसांनीच हिशेब समजावण्यास यावे असे सुनावले. ते न आल्यास त्यांना कसे आणावयाचे हे दाखवू, अशी धमकीही दिली. वकिलाचा अपमान हा धन्याचाच अपमान. मार्च १७९५ मध्ये खर्ड्यावर निजामाचा पराभव झाला, आणि त्याच दिवाणाला मराठ्यांच्या स्वाधीन व्हावे लागले. काळ्यांच्या शब्दामागे त्या वेळी एकवटलेले मराठे सरदार उभे होते.

पुढे ती एकी उरली नाही. १८१८ मध्ये पेशवाई बुडाली, आणि त्याच वर्षी भोपाळने इंग्रजांशी तह केला. कंपनीचा पोलिटिकल एजंट सीहोरास राहू लागला. म्हणावयास तोही एका सत्तेचा प्रतिनिधीच. पण त्याचा सल्ला म्हणजे आज्ञाच असे. दोराहा ते सीहोर हे अंतर फार नाही, मात्र ते ओलांडताना ८० वर्षे लोटली आणि बोलणी करणारे दोन पक्ष जाऊन एक सांगणारा व एक ऐकणारा उरला.

वकिलाला गोड जीभ हवी, हे खरे. पण त्याच्या जिभेला वजन येते ते पाठीशी उभ्या असलेल्या माणसांमुळे. ती आपसांत भांडू लागली, की उत्तमातला उत्तम वकीलही नुसता निरोप्या ठरतो.