कोल्हापूरचे विभक्त बंधू

दर जानेवारीत, १८ ते २५ या ख्रिस्तैक्य सप्ताहात, आपण विभक्त बंधूंसाठी प्रार्थना करतो. कोल्हापुरात हे बंधू विभक्त झाले कसे? रेव्ह. रॉयल वायल्डर १८५२ मध्ये येथे आले ते बोस्टनच्या अमेरिकन बोर्डातर्फे. हे बोर्ड मुख्यतः काँग्रिगेशनल, म्हणजे प्रत्येक स्थानिक मंडळीस स्वायत्त मानणाऱ्यांचे. शाळांच्या प्रश्नावरून बोर्डाशी त्यांचे बिनसले. काही वर्षे ते स्वतंत्रपणे राबले आणि १८७० मध्ये प्रेस्बिटेरियन बोर्डास मिळाले. मंडळी स्वायत्त म्हणायची, आणि तिचा पंथ मात्र अमेरिकेत ठरायचा! येथील भाविकांना कोणी विचारले असेल, असे आम्हांस वाटत नाही. १९२४ मध्ये उत्तर हिंदुस्थानातील हे दोन्ही पंथ एका संयुक्त मंडळीत आले. कॅथलिकांना ऐक्याची वाट व्हॅटिकन परिषदेने १९६४ मध्येच मोकळी करून दिली. येत्या जानेवारीत आपल्या धर्मग्रामांनी वायल्डर मेमोरियल चर्चच्या भाविकांना संयुक्त प्रार्थनेचे निमंत्रण द्यावे, असे आम्ही सुचवितो.