हौसेला मोल नसतं, कॅमेऱ्याला असतं!

"फोनमध्ये दोनशे मेगापिक्सेल असताना वेगळा कॅमेरा कशाला पाहिजे बे?" हा प्रश्न होस्टेलच्या मेसमध्ये अधूनमधून निघतोच. विचारणाऱ्याचं काही चुकत नाही. नोट्सचा फोटो, वाढदिवसाचा केक, गॅदरिंगची सेल्फी, या सगळ्याला फोन पुरून उरतो. तरीही फोटोग्राफीची हौस असलेली एक जमात अशी आहे, की तिला खिशात मावणारा पण पोटात मोठा सेन्सर असलेला कॅमेराच हवा असतो. कंपन्याही असे कॅमेरे २००८ पासून काढताहेत. किमती लाखाच्या पुढे गेल्या, तरी ही जमात काही समाधानी नाही!

असं का? माझं मत सरळ आहे. या मंडळींना मोठा सेन्सर हवा आहे हे कंपन्यांना कळलं. पण त्यांना तो रोज सोबत नेता येईल आणि दहा वर्षं टिकेल अशा कॅमेऱ्यात हवा आहे, हे मात्र अजून पुरतं कळलेलं नाही.

आधी थोडं गणित, कारण आपण इंजिनिअर! चांगल्या फोनच्या मुख्य कॅमेऱ्याचा सेन्सर साधारण ७० चौरस मिलिमीटरचा असतो. या महागड्या कॉम्पॅक्टमध्ये बहुधा 'एपीएस-सी' आकाराचा सेन्सर असतो, तो साधारण ३७० चौरस मिलिमीटरचा. म्हणजे पाचपट जागा, पाचपट प्रकाश. पण थांबा, लेन्सचाही हिशेब करावा लागतो. फोनची लेन्स एफ १.८ ची असेल आणि कॉम्पॅक्टची एफ २.८ ची, तर पाचपटीचा फायदा घसरून दुपटीवर येतो. तीच लेन्स एफ २ ची असेल तर चौपट फायदा शिल्लक राहतो. जाहिरातीत मात्र सेन्सरच मोठ्या अक्षरात छापतात. म्हणून हौशी माणूस दुकानात पहिला प्रश्न लेन्सबद्दल विचारतो.

फोन ही कमतरता सॉफ्टवेअरने भरून काढतो. तो एका दमात अनेक फ्रेम घेतो आणि एकावर एक जुळवून स्वच्छ चित्र बनवतो. फुटाळ्याचं शांत पाणी असेल तर झकास! पण पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी इतवारी-महालच्या गल्ल्यांत या. काळी आणि पिवळी मारबत निघालेली, बडगे नाचताहेत, गुलाल उडतोय, पोरं उड्या मारताहेत. इथे दोन फ्रेममध्ये काहीच जागेवर राहत नाही, मग जुळवणार काय? चेहरे मेणासारखे गुळगुळीत होतात, हात दोनाचे तीन होतात. इथे एकाच क्षणात पुरेसा प्रकाश गोळा करणारा मोठा सेन्सरच कामी येतो.

ही मागणी काही परदेशी खूळ नाही बरं का. आपल्या आजोबांच्या कपाटात डोकावून बघा. बऱ्याच घरांत 'आग्फा क्लिक थ्री' सापडेल. बडोद्यात बनणारा हा साधा कॅमेरा. त्यात १२० ची फिल्म लागायची आणि एका रोलवर १२ फोटो यायचे, प्रत्येक सहा सेंटिमीटर चौरस. आजच्या 'फुल फ्रेम' सेन्सरच्या साडेतीन पटींहून मोठी ती निगेटिव्ह! अल्बममधले ते छोटे चौकोनी कृष्णधवल फोटो अजून इतके स्पष्ट दिसतात ते उगाच नाही. ऊन आहे की ढग, एवढंच ठरवायचं आणि खटका दाबायचा. लेन्स साधीच होती, पण माणसाला हवं तेवढं सगळं त्यात होतं. पुढे आलेल्या ३५ मिलिमीटरच्या साध्या रोल-कॅमेऱ्यांची निगेटिव्हसुद्धा 'फुल फ्रेम'च होती. डिजिटल आलं तेव्हा कॉम्पॅक्ट कॅमेऱ्याचा सेन्सर नखाएवढा झाला, आणि आपण मेगापिक्सेल मोजत बसलो.

मग उलटा प्रवास सुरू झाला. २००८ मध्ये सिग्माचा 'डीपी १' आला. २०११ मध्ये फुजीफिल्मचा 'एक्स १००', २०१२ मध्ये सोनीचा फुल फ्रेम 'आरएक्स १' आणि २०१३ मध्ये रिकोचा एपीएस-सी सेन्सरवाला 'जीआर'. हौशी लोकांनी हे कॅमेरे डोक्यावर घेतले, कारण त्यांत हाताला कळणाऱ्या गोष्टी होत्या. एक्स १०० वर शटरची चकती आणि लेन्सवर अॅपर्चरचं कडं. कॅमेरा बंद असतानाही वरून बघून समजतं की आपण कशावर आहोत. जीआर तर एका हातात राहतो, आणि २०१९ च्या जीआर ३ ला सुरू व्हायला सेकंदही लागत नाही. त्यातला 'स्नॅप फोकस' तर अस्सल इंजिनिअरी आहे. अंतर आधीच दोन मीटरवर बांधून ठेवायचं आणि एफ ८ वर साधारण एक मीटरपासून पार क्षितिजापर्यंत सगळं स्पष्ट. फोकस शोधण्यात वेळच जात नाही. चहाच्या टपरीवरचं हसू तुमच्या मेन्यूसाठी थांबून राहत नाही ना!

पण नंतर काय झालं बघा. जीआर ३ मधून अंगचा फ्लॅश काढून टाकला. "रात्री फ्लॅश कोण मारतं?" असं वाटलं असेल. पण नागपूरच्या मे महिन्यात भर दुपारी टोपीखालचा चेहरा काळाठिक्कर येतो, तिथे तो इवलासा फ्लॅश फार मोलाचा असतो. या कॅमेऱ्यांचं शटर लेन्समध्येच असल्याने तो कडक उन्हातल्या वेगवान शटरशीही जुळतो. मोठ्या कॅमेऱ्यांना साध्या फ्लॅशसोबत हे जमत नाही. सोनीने २०१५ नंतर दहा वर्षं वाट बघायला लावून २०२५ मध्ये 'आरएक्स १ आर ३' काढला. ६१ मेगापिक्सेल, किंमत ५,०९९ डॉलर, आणि आधीच्या मॉडेलमध्ये असलेला वळणारा स्क्रीन मात्र गायब! निकॉनने तर २०१६ मध्ये 'डीएल' नावाचे तीन कॉम्पॅक्ट जाहीर केले आणि वर्षभरात, बाजारात न आणताच, रद्द केले. त्यांचा सेन्सर एक इंचीच होता, तरी हौशी मंडळी हळहळली. आहे की नाही गंमत?

आता आपल्या गावाचं बोलू. बहुतेक कॅमेऱ्यांच्या माहितीपुस्तिकेत वापरायचं तापमान ० ते ४० अंश लिहिलेलं असतं. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या पुढे जातो. २०१३ च्या मे महिन्यात तो ४७.९ ला टेकला होता. २०२४ मध्ये तर एका स्वयंचलित केंद्राने ५६ अंश दाखवले आणि हवामान खात्याला सांगावं लागलं, की बावा, सेन्सरच बिघडला होता! तापमान साधारण सहा ते आठ अंश वाढलं की सेन्सरमधला 'डार्क करंट' दुप्पट होतो, हे इलेक्ट्रॉनिक्सवाल्यांना सांगायला नको. त्यात आपली धूळ. आत-बाहेर सरकणारी लेन्स भात्यासारखी हवा ओढते आणि त्यासोबत कणही. लेन्स निघत नाही, म्हणजे सेन्सर पुसायचा तर सगळा कॅमेरा उघडा. जीआर ३ ला धुळीपासून संरक्षण नाही. २०२४ च्या एक्स १०० सिक्सला आहे, पण वेगळं कडं आणि फिल्टर घेऊन लावल्यावरच. १,५९९ डॉलरला निघालेल्या कॅमेऱ्याचं झाकण वेगळं विकत घ्यायचं, याला काय म्हणावं?

कंपन्यांची बाजूही ऐकली पाहिजे. पातळ अंग, मोठी बॅटरी, तेजस्वी लेन्स, झूम, धूळबंद बांधणी, हे सगळं एका खिशात मावत नाही. कॅननने २०१७ च्या 'जी १ एक्स मार्क थ्री' मध्ये एपीएस-सी सेन्सर, झूम आणि धूळ-थेंबांपासून संरक्षण एकत्र बसवून दाखवलं, पण झूम लांबवला की लेन्स एफ ५.६ वर जाते, म्हणजे मोठ्या सेन्सरचा फायदा बराचसा गेला. काहीतरी सोडावं लागणारच. माझं म्हणणं एवढंच की काय सोडायचं ते वापरणाऱ्याला विचारून सोडा. झूम सोडा, चालेल. फोर-के व्हिडिओ सोडा, चालेल. साठ मेगापिक्सेल तर खुशाल सोडा, चोवीस पुष्कळ झाले. पण एफ २ ची एक चांगली लेन्स, हाताला कळणाऱ्या चकत्या, छोटा फ्लॅश, धूळबंद अंग, बाजारात सहज मिळणारी बॅटरी आणि दुरुस्तीसाठी महिनोन् महिने परगावी पाठवावा लागणार नाही अशी सोय, एवढं द्या. वीस ग्रॅम वजन वाढलं तर कोणी रडणार नाही.

आणि आपण होस्टेलवाल्यांनी काय करावं? हप्त्यावर लाखाचा कॅमेरा घेऊ नका, हे प्रामाणिकपणे सांगतो. आधी एक महिना फोनवरच, झूम न करता, एकाच लेन्सने फोटो काढा. जमलं आणि आवडलं, तरच पुढचा विचार करा. आमच्या सरांनाही विनंती आहे, की फोटोग्राफी क्लबसाठी एखादा असा छोटा कॅमेरा घ्यावा आणि लायब्ररीच्या पुस्तकासारखा रजिस्टरवर सही घेऊन आठवडाभर द्यावा. मोठा डीएसएलआर गॅदरिंगला बाहेर येतो आणि वर्षभर कपाटात झोपतो. छोटा कॅमेरा बर्डीवर जाईल, दीक्षाभूमीच्या गर्दीत जाईल, मेसच्या स्वयंपाकघरातही जाईल. फक्त एक पथ्य पाळा. कॅमेरा लहान आहे म्हणून चोरून फोटो काढू नका. मावशींना विचारा, दोन शब्द बोला आणि नंतर फोटोची प्रत नेऊन द्या.

चांगला कॅमेरा कोणता, याचं माझं माप साधं आहे. विकत घेतल्यावर पाच वर्षांनी त्याच्या कोपऱ्यांचा रंग उडालेला असावा आणि तरी तो चालू असावा. असा कॅमेरा जी कंपनी आपल्या उन्हा-धुळीसाठी बनवेल, तिच्या दारात आम्ही हौशी लोक रांग लावू. तोवर आजोबांचं कपाट उघडा. १२० चा रोल अजूनही मिळतो बरं!