घर विकून लीजच्या फ्लॅटमध्ये जाताना



आमच्या पॅरिशमध्ये हल्ली मिस्सा संपली की एकच बोलणं: मुलं बाहेरगावी, पावसाआधी कौलं शाकारायला माणूस मिळत नाही, तेव्हा घर विकून फ्लॅट घेऊया. यात गैर काही नाही. गुडघे गेलेल्यांना अंगण काय करायचंय? पण फ्लॅट लीजच्या जागेवरचा असेल तर जरा थांबावं.

बेळगावात 'लीज' शब्दानेच घोळ होतो. दोन-तीन वर्षांसाठी एकरकमी डिपॉझिट देऊन बिनभाड्याचं राहणं, तेही लीजच. 99 वर्षांचं लीज वेगळं. तिथे जमीन आपली होत नाही, आणि वर्षं मोजायची ती मूळ करारापासून, आपण फ्लॅट घेतल्यापासून नव्हे. करार 1970 चा असेल तर 2069 ला मुदत संपली. आपल्याला पुरेल हो. पण पुढे मुलांनी विकायचं म्हटलं तर उरलेली वर्षं बघून गिऱ्हाईक मागे सरतं, बँकही कर्जाला का-कू करते.

त्यात कागद कन्नडमध्ये. आपण मराठी शाळेत शिकलेली माणसं, एजंट सांगेल त्याला मान डोलावतो. मूळ लीज सब-रजिस्ट्रारकडे नोंदलंय का, विकताना जागामालकाची परवानगी लागते का, भुईभाडं किती, हे वकिलाकडून वाचून घ्यावं. वकील आपला, बिल्डरचा नव्हे. तोवर घराचा इसार घेऊ नये.

जमलं तर आधी अकरा महिने भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहून बघा. लिफ्ट बंद असली की तिसऱ्या मजल्यावरून रविवारच्या मिस्सेला कसं उतरायचं, ते तेवढ्यात कळतं.

– एक निवृत्त शिक्षिका, बेळगाव